पेन्सिलीत लिहिलेल्या सात वह्या

अण्णा गेला त्या सकाळी त्याच्यापुढे अवरेकाईच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगांची परात होती. बेंगळुरूच्या जयनगरात जानेवारीत घरोघरी हेच चाललेलं असतं: शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे, चिमटीत धरून एकेकाची साल उडवायची. निम्म्या शेंगा सोलून झाल्या होत्या. मी आतून चहा घेऊन आले तेव्हा त्याची मान कलली होती आणि मुठीत एक शेंग होती. डॉक्टर म्हणाले, त्यांना काही कळलंही नसेल. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगत असावेत.

अण्णा माझा मोठा भाऊ. आम्ही बेळगावकडचे, तिकडे थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. तो तिथल्या कोर्टात दुभाषा होता. साक्षीदार मराठीत बोलायचे, तो ते कन्नडात किंवा इंग्रजीत सांगायचा. तीसेक वर्षं त्याने हे केलं. मी मधल्या काळात बेंगळुरूला येऊन एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरीला लागले होते. निवृत्त झाल्यावर तो दोन ट्रंका घेऊन माझ्याकडे राहायला आला. आम्हा दोघांचीही लग्नं झाली नाहीत. त्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि इथे त्यांचं काही काम नाही.

दुभाष्याच्या धंद्यात त्याने एकच नियम पाळला. साक्षीदार सुधारायचा नाही. साक्षीदाराने शिवी दिली तर शिवी सांगायची, तो अडखळला तर अडखळायचं, तो मूर्खासारखा बोलला तर तेवढंच मूर्ख वाक्य पलीकडे पोचवायचं. एकदा एका न्यायाधीशांनी म्हणे त्याला सांगितलं, "शिव्या गाळा." अण्णा म्हणाला, "साहेब, मग ती माझी साक्ष होईल. मी तिथे नव्हतो."

इथे आल्यावर तो पुस्तकांची भाषांतरं करू लागला. त्याची रीत ठरलेली होती. पहिला खर्डा शाळकरी वह्यांत, पेन्सिलीने, एक ओळ सोडून. आठवडाभर जे होईल ते रविवारी जेवणानंतर मला वाचून दाखवायचं. वाक्य झालं की तो चष्म्यावरून बघायचा आणि विचारायचा, "चालेल?" मी "चालेल" म्हटलं तर त्या वाक्यावर तो तिथल्या तिथे शाई फिरवायचा. मी "नाही" म्हटलं तर ते पेन्सिलीत राहायचं आणि पुढच्या रविवारी परत यायचं. अशी तीन पुस्तकं झाली. दोन छापली गेली. ती फार कोणी वाचली नाहीत, पण त्यांतलं एकही वाक्य माझ्या कानावरून गेल्याशिवाय शाईत आलेलं नाही, याची मला घमेंड होती. अजूनही आहे.

मग त्याने ते चौथं पुस्तक घरात आणलं.

जयनगरच्या फोर्थ ब्लॉकमध्ये फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा ढीग असतो, त्यात त्याला ते सापडलं. मुखपृष्ठावर काळं रान आणि त्यातून बघणारे लाल डोळे. पश्चिम आफ्रिकेतल्या कुणा बाईने तिकडच्या लोककथांवरून इंग्रजीत लिहिलेली कादंबरी. अक्षरं मोठी, कागद पिवळा, पाठीवर शिफारशींच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत 'अंधार' हा शब्द. मी आयुष्यभर पुस्तकं मांडली आहेत. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात जाणार हे मला पाठीवरून कळतं. हे कोपऱ्यातल्या खालच्या फळीवर गेलं असतं, जिथून ते पहिल्या वर्षाची मुलं नेतात आणि चहाचे डाग पाडून आणतात.

अण्णाने मला गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. नदीकाठच्या एका गावात निळीने कापड रंगवणारी एक बाई असते. तिला मूल होतं आणि जातं. पुन्हा होतं, पुन्हा जातं. गावातल्या म्हाताऱ्या सांगतात, ही वेगवेगळी मुलं नाहीत. एकच मूल आहे, ते येतं आणि परत जातं, कारण रानात त्याचे सवंगडी आहेत आणि ते त्याला हाका मारतात. चौथ्या वेळी आई मेलेल्या मुलीची टाच निळीत बुडवते. पाचवी मुलगी जन्मते ती निळी टाच घेऊन. मग रानातले ते सवंगडी तिला न्यायला येतात. कुणाला तोंड नाही, कुणाचे पाय झाडाच्या मुळांचे, आणि अशी चारशे पानं.

"अण्णा," मी म्हटलं, "तुझं वय काय?"

"एकाहत्तर."

"या वयात माणसं ज्ञानाची पुस्तकं वाचतात."

"ज्ञान भरपूर झालं ग. कोर्टात रोज ऐकत होतो." तो हसला. "तू ऐक तर. पहिलं प्रकरण फक्त."

"मी भुतांना चालेल म्हणणार नाही. हवं तर पेन्सिलीतच ठेव."

"भुतं तुझ्या परवानगीवाचून राहिली नाहीत कुठे," तो म्हणाला आणि वही उघडून बसला.

दीड वर्ष तो ते करत होता. दर रविवारी जेवण झालं की विचारायचा, "ऐकतेस?" मी म्हणायचे, "नाही." तो म्हणायचा, "सरी." हा कन्नड शब्द आम्ही घरात बरं या अर्थाने वापरतो, पण तो म्हणायचा तेव्हा त्यात जरासुद्धा रुसवा नसे, आणि मला त्याचाच राग यायचा. मी समोरच्या खुर्चीत एखादं जाडजूड, मान्यताप्राप्त पुस्तक धरून बसायचे. त्यातली पानं मी किती वाचली ते सांगण्यासारखं नाही.

एकदाच मी त्याच्या त्या भुतांच्या कामासाठी घराबाहेर पडले. कादंबरीतल्या बाईच्या निळीला सात छटा होत्या आणि प्रत्येक छटेला नाव होतं. मराठीत त्याला तीनच सापडल्या. म्हणून आम्ही मेट्रोने चिकपेटच्या कापडबाजारात गेलो. एका अरुंद बोळातल्या जुन्या घाऊक दुकानात गादीवर बसून त्याने म्हाताऱ्या मालकाला सगळे निळे तागे उलगडायला लावले. मालकाने अर्धा तास नावं सांगितली, अण्णाने ती पेन्सिलीने टिपली. शेवटी मालकाने माझ्याकडे बघून विचारलं, "अक्का, किती मीटर कापू?"

"काही नको," मी म्हटलं. "हे भुतांच्या साड्यांचे रंग विचारतायत."

मालक हसला नाही. अण्णाला म्हणाला, "स्वल्प थांबा," आणि आत जाऊन एक फाटका तुकडा घेऊन आला. त्याच्या आजोबांच्या वेळच्या कापडाचा. जवळजवळ काळा, उजेडात धरला की तांबूस झाक मारणारा. त्या रंगाचं नाव त्याला आठवत नव्हतं. अण्णाने तो तुकडा मागून घेतला आणि वहीत ठेवला. परतताना मेट्रोत मी त्याला म्हटलं की एवढा खटाटोप चांगल्या पुस्तकासाठी केला असतास तर काही अर्थ होता. त्याने वही उघडून तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

जानेवारीत तो गेला. सातव्या वहीत शेवटचं प्रकरण पूर्ण होतं. एकाही वाक्यावर शाई नव्हती.

तेराव्यानंतर तीन दिवसांनी वाचनकट्ट्याचा चालक आला. जे. पी. नगरमधल्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसात मराठी लोकांचा हा कट्टा महिन्यातून एकदा भरतो. पलीकडे पोहण्याचा तलाव आहे, त्यामुळे चर्चेत अधूनमधून शिट्ट्या आणि पोरांच्या किंकाळ्या येतात. लोक बहुतेक पुण्याचे, थोडे नागपूरचे, सगळे कॉम्प्युटरवाले. पुस्तकावर दहा मिनिटं बोलतात, मग सोसायटीच्या पार्किंगवर. अण्णा तिथे नेमाने जायचा आणि मागच्या खुर्चीत बसून बाकरवडी खायचा. मी दोनदा गेले होते. दुसऱ्यांदा एकाने एका थोर कादंबरीविषयी "फारशी रिलेटेबल वाटली नाही" असं सांगितलं, तेव्हापासून गेले नाही.

चालक चाळिशीचा, धावण्याच्या शर्यतीचा टी-शर्ट घालणारा, आवाज गोड. सोफ्याच्या कडेवर बसून तो म्हणाला, "काकू, काकांचं कंटेंट वाया जाता कामा नये."

मी कुणाची काकू नाही. माझ्या भावाने कंटेंट लिहिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी मी बोलले नाही. त्याला अण्णाचं भाषांतर कट्ट्यातर्फे छापायचं होतं आणि वर्षश्राद्धाच्या आसपास प्रकाशन करायचं होतं. मी आत गेले, सातही वह्या दोरीने बांधल्या आणि त्याच्या हातात दिल्या. उघडल्या नाहीत. मला वाटलं, बरं झालं, रान घरातून गेलं. वह्यांत काय आहे ते न बघता मी त्या अशा माणसाला दिल्या ज्याच्या हाती मी ग्रंथालयातलं मासिकसुद्धा दिलं नसतं. हे मी नोंदवून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याविषयी बरंच बोलणार आहे.

डिसेंबरात वह्या परत आल्या आणि त्यांच्याबरोबर छापायला तयार असलेला मजकूर, स्पायरल बांधणीत. वर चालकाच्या हातची चिठ्ठी: 'काकू, फक्त नजर टाका. वाचक डोळ्यासमोर ठेवून थोडं पॉलिश केलंय.'

सुरुवातीला प्रस्तावना होती, चालकाची. सहा पानं. तिचं शीर्षक 'नकोशी ते हवीशी'. त्यात म्हटलं होतं की ही कादंबरी म्हणजे स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धचा आफ्रिकन आक्रोश आहे. पाचव्या मुलीला तिची आईच घृणास्पद नाव देते, तिला जन्मताच घराबाहेर फेकते, यातून पितृसत्तेने आईचंही काळीज कसं दगड केलं आहे ते दिसतं. आपल्या साताऱ्याकडेही मुलींना नकोशी म्हणत, म्हणून मराठी वाचकाला जवळचं वाटावं यासाठी संपादकाने त्या मुलीचं नाव नकोशी असं केलं आहे. मग दोन पानं आकडे, आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या मुलीचा उल्लेख, जी स्केटिंग करते.

मी इतकी वर्षं प्रस्तावना वाचत आले आहे. न वाचलेल्या पुस्तकांच्या प्रस्तावना लिहिणारे लोक मला दुरून ओळखता येतात. पण हा माणूस पुस्तक वाचून चुकला होता, आणि ते जास्त वाईट. मी मजकूर वाचत गेले. नकोशी रांगली. नकोशी हसली. आईने नकोशीला छातीशी धरलं. रानातले सवंगडी नदीच्या पलीकडून ओरडले, नकोशी, नकोशी. वाचताना मला एवढंच कळत होतं की हे अण्णाचं नाही. साक्षीदार असा बोललाच नसणार.

मग मी वह्यांची दोरी सोडली.

ते प्रकरण तिसऱ्या वहीत आहे. पाचवी मुलगी जन्मते. दाई तिला सुपात घालते आणि आई न रडता सांगते, हिला उकिरड्यावर ठेवा. तिला राखेवर, केरावर ठेवतात. शेजारची एक परकी बाई येते, म्हणते, अगबाई, हे कुणी टाकलं, आणि उचलून घेते. आई तिच्या दारात जाते आणि ओंजळभर कोंडा देऊन ती मुलगी मागून आणते. मग तिचं नाव ठेवतात ते केराचं, घाणीचं. का, तर रानातल्यांनी ऐकलं तर त्यांना वाटावं की हे घरचं लाडकं मूल नव्हे, ही टाकलेली वस्तू आहे, हिला नेऊन काय करायचं. त्या आईला ती मुलगी जितकी हवी आहे तितकी कुठल्याही आईला हवी नसेल. ती मिळवण्यासाठीच ती तिला सगळ्यांदेखत टाकते. हे न समजण्यासाठी माणूस मराठी असावा, शिकलेला असावा आणि पुण्याहून बेंगळुरूला विमानाने आलेला असावा.

त्या नावापाशी अण्णा अडला होता. ओळीवर एक नाव लिहून खोडलं होतं. त्याच्या वर दुसरं, तेही खोडलेलं. अशी सहा. सगळी आपल्याकडचीच, दगडधोंड्यांची, केराची, भिकेची. आपल्या आज्यापणज्यांच्या गावात प्रत्येक आळीत एकेक असायचंच. सातवं नाव खोडलेलं नव्हतं. ते फार हलक्या हाताने लिहिलं होतं, कागदाला टोक जेमतेम लागलेलं. पुढच्या चार वह्यांत तेच नाव आहे, सगळीकडे तितकंच फिकट.

ते माझं नाव आहे. शाळेतलं नव्हे, घरातलं. माझ्याआधी आईची दोन मुलं गेली. मी झाले तेव्हा मला सुपात घालून गोठ्यामागच्या उकिरड्यावर ठेवलं होतं आणि शेजारच्या बाईंनी उचलून घरी नेलं होतं. कोंडा नेऊन द्यायला पाच वर्षांचा अण्णा आईबरोबर गेला होता. हे त्यानेच मला पुष्कळदा सांगितलं होतं, "तुला आम्ही कोंड्यावर आणली" असं चिडवण्याच्या रूपात. मला ते नाव लहानपणी अजिबात आवडत नसे. शाळेत कुणाला कळू नये म्हणून मी मैत्रिणींना घरी आणत नसे. पुढे आईवडील गेले आणि त्या नावाने हाक मारणारा अण्णा एकटाच उरला. इथे ते नाव मी लिहिणार नाही. ते आता कुणाच्या तोंडी नाही.

दीड वर्ष दर रविवारी तो विचारत होता, "ऐकतेस?" मला वाटायचं तो मला भुतं ऐकवू बघतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी वह्या पिशवीत घालून मी रिक्षाने जे. पी. नगरला गेले. चालकाचं घर अकराव्या मजल्यावर. तो लॅपटॉपसमोर होता, कानात काहीतरी घालून हिंदीत कुणाला तरी मुदती सांगत होता. त्याची आई सोफ्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. ती साताऱ्याजवळच्या खेड्यातून थंडीपुरती आली होती. तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्याकडचं कोण गेलं?" मी म्हटलं, "भाऊ." ती "हं" म्हणाली आणि पुढची घडी घातली. वर्षभरात मला भेटलेल्या माणसांत शोकाविषयी एवढं कमी बोललेली ती पहिलीच.

चालक मोकळा झाला. मी त्याच्यापुढे तिसरी वही उघडून ठेवली.

"हे नाव तुम्ही बदललंत."

"हो काकू, ओरिजिनल नाव जरा... म्हणजे शिवीसारखंच वाटत होतं. आणि काकांनी पण सहा वेळा खोडलंय, म्हणजे तेही कन्फ्यूज्ड होते. नकोशीने कसा लगेच कनेक्ट होतो."

"कशाशी?"

"इश्यूशी."

"त्या आईला ती मुलगी हवी आहे."

"हवी कशी असेल? उकिरड्यावर टाकते ना ती. पान एकशे चार." तो स्पायरल उघडू लागला. "फार हार्ड हिटिंग सीन आहे तो."

सोफ्यावरून त्याची आई म्हणाली, "कोणी टाकलं उकिरड्यावर?"

"गोष्ट आहे गं आई. आफ्रिकेतली. पाचवी मुलगी होते म्हणून आई तिला टाकते."

"आधीच्या चार आहेत का गेल्या?"

"गेल्या."

"मग टाकणारच की." तिने टॉवेल झटकला. "परत कोणी आणली?"

"शेजारीण उचलते, मग आई तिला कोंडा देते, वगैरे. ते सिम्बॉलिक आहे."

"कसलं काय आहे ते मला ठाऊक नाही. कोंडाच देतात." ती माझ्याकडे वळली. "तिकडंही करतात होय? काळ्या लोकांत?"

"करतात," मी म्हटलं.

"बघ," ती मुलाला म्हणाली. "तुझ्या आजोबांना गावात काय म्हणायचे?"

चालक स्पायरलची पानं चाळू लागला.

"सांग की. ह्यांना सांग. दगडावरनं नाव होतं. तुला काय वाटलं, पणजीला दगडांची हौस होती? त्यांच्याआधी तीन गेले होते. हे राहावेत म्हणून ठेवलं. एवढा शिकलास आणि त्याला नकोसं म्हणतोस. नकोशी त्या येगळ्या. त्या आमच्याकडंही होत्या, त्यांना कोणी कोंडा देऊन आणत नव्हतं."

मी आजवर ऐकलेल्या साहित्यसमीक्षेत हे सर्वांत नेमकं होतं, आणि ते पायजम्याची घडी घालता घालता झालं.

चालकाचा चेहरा दोन मिनिटं खरोखर पडला होता. तेवढ्यापुरता मला तो बरा वाटला. मग त्याचे डोळे चमकले. "काकू, हे जबरदस्त आहे. म्हणजे इथेही आणि तिथेही. मी प्रस्तावना पूर्ण बदलतो. आजोबांचा किस्सा टाकतो. तुमच्याकडे असं काही होतं का? फॅमिलीत? काकांनी नेमकं हेच नाव का घेतलं असेल?"

त्याची आई माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं असं मला वाटतं. तिने पुढचा कपडा घडीला घेतला.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"नो प्रॉब्लेम. नाव परत घालणं एका बटणाचं काम आहे. बदललं पण तसंच होतं, सगळीकडे एकदम." त्याने लॅपटॉप ओढला. "आत्ता करून देतो. प्रकाशन ठरल्या दिवशीच."

एका बटणाने माझ्या भावाचं दीड वर्षाचं चाचपडणं पुसलं गेलं होतं आणि त्याच बटणाने ते परत येणार होतं, जसं काही घडलंच नाही. मी वही मिटली.

"नको," मी म्हटलं. "हे पुस्तक अजून झालेलं नाही. ते पेन्सिलीत आहे."

"टाइप झालंय काकू."

"अण्णा मला वाचून दाखवल्याशिवाय शाई फिरवत नसे. हे मी ऐकलेलं नाही."

"पण आता ते..." त्याने लॅपटॉपवरचा हात काढला. मग हळू म्हणाला, "आमंत्रणं गेली आहेत. केटररला सांगितलंय."

"बाकरवडी राहते बरेच दिवस."

त्याची आई हसली. तो हसला नाही. मी सात वह्या आणि ते स्पायरल पिशवीत घातलं. लॅपटॉपमधलं सगळं पुसून टाकायला सांगितलं आणि तो ते करेपर्यंत तिथेच उभी राहिले. त्या संध्याकाळी कट्ट्याच्या ग्रुपवर संदेश आला, काही भावनिक कारणांमुळे प्रकाशन पुढे ढकललं आहे. खाली चौदा हात जोडलेले. एकाने विचारलं होतं, मग रविवारी पार्किंगची मीटिंग घ्यायची का.

वर्षश्राद्ध आलं आणि गेलं. कादंबरी कुणी छापणार की नाही ते मला माहीत नाही. मी रविवारी जेवण झालं की त्याच्या खुर्चीत बसते आणि वही उघडते. मोठ्याने वाचते, कारण रीत तशी आहे. एक वाक्य वाचते, थांबते, आणि ते चालत असेल तर त्यावर शाई फिरवते. त्याच्या अक्षरावरून पेन नेणं सोपं नाही. त्याचा 'श' फार पसरट आहे.

पुस्तक मला अजूनही आवडलेलं नाही. लिहिणारी बाई फार सांगते. जिथे एक भूत पुरलं असतं तिथे तिने नऊ आणली आहेत, आणि लाल डोळे तर प्रत्येक प्रकरणात आहेत. हे मी अण्णाला पहिल्याच रविवारी सांगितलं असतं. तो म्हणाला असता, साक्षीदार असाच बोलला. आम्ही भांडलो असतो. सात छटांपैकी जिचं नाव सापडलं नव्हतं तिथे त्याने नुसता चिकपेटच्या त्या तुकड्याचा रंग वर्णन करून ठेवला आहे, आणि ते वर्णन मूळ लेखिकेने दिलेल्या नावापेक्षा चांगलं झालं आहे. हेही मी सांगितलं असतं, आणि तो म्हणाला असता, मग चुकलंच की.

गेल्या रविवारी मी तिसऱ्या वहीतल्या त्या पानावर आले. दाईचं वाक्य वाचलं, शेजारणीचं वाचलं, कोंड्याचं वाचलं, शाई फिरवली. मग नावाचं वाक्य आलं. सहा खोडलेल्या नावांवरून मी एकेक करून नजर फिरवली. तिसरं तसं वाईट नव्हतं. ते घेतलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं आणि वाक्यही जरा आटोपशीर झालं असतं. सातवं मोठ्याने म्हटलं. वर्षभरात घरात पहिल्यांदा. कानाला अगदीच घाणेरडं वाटलं, म्हणजे नावाने आपलं काम केलं.

"चालेल," मी म्हटलं आणि त्यावर शाई फिरवली.

त्यापुढच्या वाक्यात अण्णाने त्या मुलीला एक विशेषण जास्तीचं लावलं आहे. मूळ पुस्तकात ते नाही, मी ताडून बघितलं. ते मी पेन्सिलीतच ठेवलं आहे.